हार्ड डिस्कवाला डीव्हीडी रेकॉर्डर की साधा?

जुन्या व्हीएचएस टेप डिजिटल करायच्या असतील, तर माझं मत आधीच सांगतो: हार्ड डिस्कवाला घ्या.

साध्या रेकॉर्डरमध्ये सगळं थेट डिस्कवर उतरतं. एका थराच्या ४.७ जीबी डिस्कवर एसपी मोडमध्ये (म्हणजे नेहमीच्या दर्जाच्या रेकॉर्डिंगमध्ये) साधारण २ तास मावतात. डीव्हीडी-आर (एकदाच लिहिता येणारी डिस्क) वापरली आणि मध्येच चूक झाली, तर डिस्क वायाच. शिवाय शेवटी ती फायनलाइझ करावी लागते, म्हणजे रेकॉर्डिंग बंद करून डिस्क पूर्ण करावी लागते, नाहीतर दुसऱ्या प्लेअरवर बहुधा चालत नाही. (हे हमखास विसरलं जातं.)

हार्ड डिस्कवर आधी टेप निवांत उतरवायची, नको ते तुकडे कापायचे आणि मग डिस्क बनवायची. १६० जीबीत त्याच मोडमध्ये ६५ तासांच्या आसपास जागा मिळते. चालू रेकॉर्डिंग सुरुवातीपासून पाहता येतं, ही चैन वेगळीच. पण हार्ड डिस्क म्हणजे तिजोरी नव्हे. ती बिघडली की सगळंच गेलं, आणि काढून संगणकाला जोडली तरी बहुतेकदा वाचता येत नाही. म्हणून डीव्हीडीवर प्रत काढत राहा.

जोडणी दोन्हींची सारखीच. व्हीसीआरचं आउटपुट रेकॉर्डरच्या इनपुटला, रेकॉर्डरचं आउटपुट टीव्हीला. पिवळी पिन चित्राची, लाल-पांढरी आवाजाची. एस-व्हिडिओ (फक्त चित्राची वेगळी गोल जोडणी) दोन्हीकडे असेल तर पिवळीऐवजी तीच वापरा, आवाजाच्या पिना मात्र तशाच ठेवा. एचडीएमआय इथे फक्त टीव्हीकडे जाण्यासाठी असतं, त्यातून रेकॉर्डिंग होत नाही.