शुमानचं स्कर्झो: मेट्रोनोमने हळूहळू चढायचं की तुकडे करून थेट वेगात?

जर्मन संगीतकार रॉबर्ट शुमानच्या दुसऱ्या सिम्फनीचा (सी मेजर, ओपस ६१) पार्ट, म्हणजे आपल्या वाद्याची स्वरलिपी, हातात पडला की फर्स्ट व्हायोलिनवाले आधी दुसरी मूव्हमेंट उघडतात. १८४६ साली लाइपझिगच्या गेवांडहाउसमध्ये मेंडेलसोनने ही सिम्फनी पहिल्यांदा सादर केली. तिचं स्कर्झो, म्हणजे हीच वेगवान दुसरी मूव्हमेंट, आजही जगभर ऑर्केस्ट्रांच्या ऑडिशनमध्ये मागतात. शुमानने वेग दिलाय मिनिटाला १४४ क्रॉचेट, म्हणजे १४४ बीट. म्हणजे सेकंदाला सुमारे साडेनऊ सेमीक्वेव्हर (पाव बीटचे स्वर), बहुतेक स्पिकाटोत, म्हणजे बो (गज) तारेवर उसळवत. दोन ट्रिओ (मधले वेगळे भाग) सोडले तर हाताला उसंत अशी नाहीच.

तयारीच्या दोन वाटा आहेत. पहिली सगळ्यांना शिकवलेली: मेट्रोनोम (ठरलेल्या वेगाने टिकटिक करणारं यंत्र) ७२ वर, मग चार-चारने वर. डाव्या हातासाठी ही उत्तम. या उताऱ्यात अर्ध्या स्वराच्या सरकत्या जागा आणि डिमिनिश्ड (अर्ध्या स्वराने आखूड) अंतरं इतकी आहेत की बोट कुठे पडतंय हे सावकाश ऐकल्याशिवाय सूर बसत नाही.

पण उजव्या हाताचं काय? ७२ ला बो प्रत्येक स्वराला आपण उचलतो आणि ठेवतो. १४४ ला तसं करायला वेळच नसतो. बोच्या मध्याजवळ काडी स्वतःच उसळते आणि मनगट फक्त तिला चालू ठेवतं. या दोन वेगळ्या हालचाली आहेत. त्यामुळे १०० ते १२० च्या दरम्यान कुठेतरी अनेकांची गाडी अडते. मग ते बोटांना दोष देत परत ८० वर उतरतात. माझ्या मते या वाटेवरचा सर्वात जास्त वेळ इथेच वाया जातो.

दुसरी वाट तुकड्यांची. एका बीटचे चार सेमीक्वेव्हर आणि पुढच्या बीटचा पहिला स्वर, एवढंच, पण थेट १४४ ला. थांबा, पुढच्या तुकड्यासाठी डावा हात जागेवर न्या, मग तो वाजवा. नंतर दोन बीट, एक बार, दोन बार. तो जास्तीचा स्वर गाळू नका, नाहीतर तुकडे वाजतात आणि सांधे निखळतात. इथे पहिल्या दिवसापासून बोची खरी उसळी मिळते. धोका सुराचा: चुकीची जागा वेगात पटकन मुरते आणि मग निघता निघत नाही.

तुमची अडचण कोणत्या हातात आहे हे आधी तपासा. तोच उतारा १४४ ला स्पिकाटो न करता, चार-चार स्वर एका बोमध्ये बांधून वाजवा. त्यातच घसरलात तर डावा हात कच्चा आहे, मेट्रोनोमची वाट धरा. बांधून नीट आलं आणि सुटं करताना विस्कटलं, तर सावकाश वाजवून फारसं काही हाती लागणार नाही, तुकडेच करा.

कार्यक्रम दोन-तीन आठवड्यांवर असेल तर मी तुकडेच सुचवेन, आणि सूर डळमळतो तेवढे मोजके बार सावकाश. दोन-तीन महिने हाताशी असतील तर आधी सूर पक्का करायची चैन परवडते. ऑडिशनला एकट्याचा सूर उघडा पडतो, म्हणून तिथे सावकाश रियाजाचं पारडं थोडं जड. सेक्शनमध्ये बसताना मात्र सगळ्यांच्या बोबरोबर राहणं जास्त मोलाचं.

एका बाबतीत सावकाश वाजवणाऱ्यांची बाजू खरी आहे. मुख्य थीम परत येताना अनेक कंडक्टर वेग ओढून धरतात. तिथे आपोआप उसळणारी बो दगा देते आणि उचलून ठेवायचा स्पिकाटोच कामी येतो. त्या जागा १४४, १२०, १०० अशा उतरत्या वेगात वाजवा. उलट कोडामध्ये (शेवटच्या भागात) वेग वरच सरकतो, म्हणून तो १५२ पर्यंत तयार ठेवा.

आणि जुन्या छापील पार्टवर घरी बसून बोइंग (बो कुठे वर, कुठे खाली ते) पक्कं करण्याआधी लीडरच्या, म्हणजे फर्स्ट व्हायोलिनच्या प्रमुखाच्या, खुणा मागून घ्या.