हात नाही, कार्ड वर करा

वर्गात प्रश्न विचारला की हात वर होतात ते ठरलेल्या पाच-सहा जणांचे. बाकीची मुलं वहीत डोकं खुपसतात. सहावीच्या गणिताच्या तासाला मी वर्षभर प्लिकर्स नावाचं ॲप वापरतेय, ते या बाकीच्यांसाठी.

प्रत्येक मुलाला एक छापील कार्ड. त्यावर क्यूआर कोडच्या चुलतभावासारखा काळा आकार, प्रत्येक कार्डाचा वेगळा, आणि चार बाजूंना बारीक अक्षरांत ए, बी, सी, डी. जे उत्तर वाटतं ती बाजू वर धरायची. मी फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवते, की कोणाचं उत्तर काय ते नावानिशी माझ्यासमोर. मुलांना ना फोन लागतो, ना टॅब. आणि शेजाऱ्याचं बघून मारावं म्हटलं, तर त्याच्या कार्डाचा आकारच वेगळा!

याआधी मी एक प्रश्नमंजुषेचं ॲप वापरून पाहिलं होतं. जो लवकर उत्तर देईल त्याला जास्त गुण. वर संगीत, पडद्यावर पहिल्या पाचांची नावं. कल्ला भरपूर झाला, पण सावकाश विचार करणारी मुलं तिसऱ्या प्रश्नापासून डोळे मिटून बटणं दाबायला लागली.

प्लिकर्सने मला पहिला दणका दिला तो दशांश अपूर्णांकांत. ०.५ मोठा की ०.३५? ३१ पैकी १८ जणांनी ०.३५ ला मत दिलं. पस्तीस पाचापेक्षा मोठे, हा त्यांचा हिशोब. हात वर करायला लावले असते, तर एकाने बरोबर सांगितलं असतं आणि मी खुशाल पुढे गेले असते. कोणत्या उत्तराला किती मतं हे दाखवणारा आलेख लपवून ठेवला, जोडीदाराला पटवून द्यायला सांगितलं आणि पुन्हा मत घेतलं. (ही रीत हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी रुजवली. आलेख आधी दाखवला तर मुलं बहुमताच्या मागे जातात, म्हणून तो लपवायचा.) चुकणारे सहावर आले. मी खूश. मग ०.३ आणि ०.४५ दिले, तर निम्म्या वर्गाचं उत्तर ०.३! 'कमी आकडे म्हणजे मोठी संख्या' असा नवाच नियम मुलांनी शोधून काढला होता. तेव्हा खरी मेहनत चुकीचे पर्याय नीट रचण्यात आहे. ते काम ॲप करून देत नाही.

कार्डं चकचकीत लॅमिनेट करू नका. मी हौसेने केली आणि उजेड परावर्तित होऊन मागच्या बाकांवरची कार्डं वाचली जाईनात. जाड कागद पुरे. बोटं आकारावर येऊ देऊ नका, हेही रोज सांगावं लागतं. उदाहरण सोडवताना मूल कुठे अडलं ते मात्र यातून कळत नाही, त्याला वहीच तपासावी लागते. एका तासाला दोन-तीन प्रश्न, त्याहून जास्त नको.

एका मुलाचं उत्तर सलग चार दिवस 'बी' येत होतं. बाजूला घेऊन विचारलं, तर म्हणाला, "बाई, 'माहीत नाही'ला बाजूच नाहीये ना." तेव्हापासून माझ्या प्रश्नांना तीनच पर्याय असतात. डी म्हणजे 'माहीत नाही'.