विंडोज 10 वरून 11 वर : कुणी जावं, कुणी थांबावं आणि गाडी कुठे अडते

मशीनमध्ये इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर, एसएसडी (फिरत्या हार्डडिस्कऐवजी बसणारी वेगवान डिस्क) आणि 8 जीबी रॅम असेल, तर विंडोज 11 टाकून घ्या, आता थांबण्यात फायदा नाही. एसएसडी नसेल तर आधी एसएसडी, मग 11. आणि प्रोसेसरच मायक्रोसॉफ्टच्या यादीत बसत नसेल, तर ज्या मशीनवर तुमचं पोट चालतं त्यावर जुगाड करून 11 चढवू नका.

विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. मशीन त्यानंतरही पूर्वीसारखंच सुरू होतं, टॅली उघडतं, प्रिंट निघते, म्हणून ‘चालतंय ना, मग कशाला हात लावायचा’ असं वाटणं साहजिक आहे. पण 10 आणि 11 चा बराचसा कोड एकच आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी 11 मधली भोकं बुजवली जातात, तेव्हा तीच भोकं 10 मध्ये कुठे आहेत हेही हल्लेखोरांना आयतं कळतं. नेटबँकिंग, जीएसटी पोर्टल, ग्राहकांची कागदपत्रं ज्या मशीनवर आहेत ते असं उघडं ठेवू नये.

तूर्त थांबायचंच असेल तर त्याला रीतसर मार्ग आहे. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेट 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत मिळतात. मशीन 10 च्या 22एच2 आवृत्तीवर हवं आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंट लागतं. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर नावनोंदणीची लिंक दिसते. सेटिंग्ज त्या अकाउंटशी सिंक केल्या तर पैसे पडत नाहीत. नाहीतर 1000 रिवॉर्ड पॉइंट द्या किंवा एकदाच 30 डॉलर भरा. एका नोंदणीत 10 मशीन बसतात. यात फक्त सुरक्षा अपडेट येतात, नवीन काही येत नाही, आणि मुदत ठरलेली आहे. तेवढ्या वेळात पुढची सोय करायची, एवढाच याचा उपयोग.

आता तुमचं मशीन बसतं का ते पाहू. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक हे मोफत ॲप सरळ हो किंवा नाही सांगतं, पण ‘नाही’ आलं की लोक तिथेच हात टेकतात. कारण वाचा. इंटेलमध्ये आय3, आय5, आय7 नंतरचा आकडा बघायचा: आय5-8250यू आठव्या पिढीचा, चालतो; आय3-7100 सातव्या पिढीचा, चालत नाही. एएमडीमध्ये नाव फसवतं. रायझन 5 2600 चालतो, पण रायझन 3 2200जी आणि लॅपटॉपमधला रायझन 5 2500यू चालत नाहीत, कारण नाव 2000 मालिकेचं असलं तरी आतली रचना आधीच्या पिढीची आहे. 3200जी मात्र चालतो. जुना माल घेताना हा फरक विचारून घ्या, दुकानात तो कुणी आपणहून सांगत नाही.

कारण ‘टीपीएम 2.0 सापडलं नाही’ असं असेल आणि प्रोसेसर बसत असेल, तर बहुतेक वेळा टीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी चिप किंवा प्रोसेसरमधली सोय) आहेच, फक्त बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) बंद आहे. असेंबल केलेल्या डेस्कटॉपवर हे सर्रास दिसतं. इंटेल बोर्डवर त्याचं नाव पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम. बायोसमध्ये जाऊन चालू करा, सेव्ह करा, झालं. रायझनवर एफटीपीएम चालू केल्यावर मधेच आवाज अडखळणं, माउस क्षणभर गोठणं हा जुना दोष होता. 2022 मध्ये बायोस अपडेटने तो सुटला, म्हणून बोर्ड कंपनीच्या साइटवरून बायोस आधी नवा करून घ्या. लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर बायोसला हात लावण्यापूर्वी ते तात्पुरतं थांबवा आणि 48 आकड्यांची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. नाहीतर पुढच्या वेळी मशीन सुरू होताना निळा पडदा ती की मागतो, आणि नसेल तर डेटा गेला.

आपल्याकडे खरी गाडी अडते ती डिस्कच्या मांडणीवर. सर्चमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडा. बायोस मोडसमोर ‘लेगसी’ लिहिलं असेल, तर विंडोज जुन्या एमबीआर पद्धतीने टाकलेलं आहे. 11 ला यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) आणि जीपीटी (डिस्क मांडायची नवी पद्धत) लागतं. डेटा न उडवता बदलायचं टूल विंडोजमध्येच आहे, एमबीआर2जीपीटी. पण त्याच्या अटी कडक आहेत: डिस्कवर जास्तीत जास्त तीन प्रायमरी पार्टिशन, आणि एक्स्टेंडेड किंवा लॉजिकल पार्टिशन एकही नको. दुकानात फॉरमॅट मारताना एका टीबीचे सी, डी, ई, एफ असे तुकडे पाडून द्यायची पद्धत आहे, आणि हे डी, ई, एफ बहुधा लॉजिकलच असतात. डिस्क मॅनेजमेंट उघडून रंग बघा: गडद निळी पट्टी म्हणजे प्रायमरी, हिरव्या चौकटीत फिकट निळ्या पट्ट्या दिसल्या की ते लॉजिकल. ती हिरवी चौकट असेपर्यंत टूल तपासणीतच नापास करतं.

मग डी, ई, एफमधला सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्या, दोन-चार फाइल उघडून खात्री करा, ते ड्राइव्ह आणि त्यांची हिरवी चौकट डिलीट करा, आणि टूल आधी व्हॅलिडेट पर्यायाने चालवा. चालू विंडोजमधून चालवत असाल तर अलाउ-फुल-ओएस हा पर्याय सोबत द्यावा लागतो. पास झालं तरच कन्व्हर्ट. त्यानंतर रीस्टार्ट करतानाच बायोसमध्ये जाऊन लेगसी किंवा सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करू देणारी सेटिंग) बंद करून यूईएफआय निवडा. हे विसरलं की डिस्क बूट होत नाही आणि सगळं उडालं असं वाटतं, पण तसं काही झालेलं नसतं, फक्त ती सेटिंग राहिलेली असते. आणखी एक: खूप जुनं ग्राफिक्स कार्ड लावलेलं असेल तर सीएसएम बंद केल्यावर पडद्यावर काहीच येत नाही, कारण त्या कार्डाला यूईएफआय समजत नाही. कार्ड काढून केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावून पाहा. एफ मालिकेच्या इंटेल प्रोसेसरमध्ये आतलं ग्राफिक्स नसतं, तिथे मात्र कार्डच बदलावं लागेल.

एसएसडी नवी घेणार असाल तर ही सगळी उठाठेव टळते. बूट होणारी डिस्क जीपीटी असली की पुरे, जुनी हार्डडिस्क एमबीआर राहिली तरी डेटासाठी तशीच चालते. सीएसएम बंद करा, नव्या एसएसडीवर 8 जीबीच्या पेनड्राइव्हवरून 11 कोरं टाका, आणि इन्स्टॉल होईपर्यंत जुन्या हार्डडिस्कची साटा केबल काढून ठेवा. ही केबल काढण्याला फार महत्त्व आहे. दोन्ही डिस्क जोडलेल्या असल्या तर बूटच्या फाइल कधीकधी जुन्या डिस्कवर जातात, आणि पुढे ती डिस्क बंद पडली की धडधाकट एसएसडी असूनही मशीन सुरू होत नाही. लायसन्सची काळजी नको. अस्सल 10 चं डिजिटल लायसन्स मुख्यतः मदरबोर्डशी जोडलेलं असतं. प्रॉडक्ट की विचारली तर ‘माझ्याकडे प्रॉडक्ट की नाही’ निवडा, होम असेल तर होम आणि प्रो असेल तर प्रोच टाका, इंटरनेट लागलं की ॲक्टिव्हेट होतं.

कागदावर 11 ला 4 जीबी रॅम आणि 64 जीबी जागा पुरते, एसएसडीची अट नाही. प्रत्यक्षात फिरत्या हार्डडिस्कवर 11 टाकणं म्हणजे मशीनचा छळ आहे. सुरू झाल्यावर टास्क मॅनेजर उघडा: डिस्कचा रकाना 100 टक्क्यांवर चिकटलेला असतो, प्रोसेसर मात्र निवांत. लोक रॅम वाढवतात आणि फरक पडत नाही, कारण तुंबलेली डिस्क आहे. 256 जीबीची साधी साटा एसएसडी बसवली की तेच मशीन ओळखू येत नाही.

वापरायला 11 कसं आहे? रोजच्या कामात नीटनेटकं. फाइल एक्स्प्लोररला टॅब आले, दोन-तीन विंडो शेजारी लावायची सोय 10 पेक्षा खूपच चांगली आहे, बाहेरचा मॉनिटर काढून परत लावला की विंडो आपापल्या जागी येतात. खटकतं ते राइट क्लिक. नेहमीचे पर्याय ‘शो मोअर ऑप्शन्स’च्या मागे गेलेत. शिफ्ट दाबून राइट क्लिक केलं की जुना मेनू थेट येतो, हे पहिल्याच दिवशी शिकून घ्या. 11 च्या 24एच2 आवृत्तीपासून वर्डपॅडही नाही. आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटने कोरं इन्स्टॉल केलं की वनड्राइव्ह डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स फोल्डर आपल्याकडे ओढून घेतं. फुकटची जागा 5 जीबी, ती लग्नाच्या फोटोंनीच भरते आणि मग सूचनांचा मारा सुरू होतो. वनड्राइव्हच्या सेटिंगमध्ये जाऊन बॅकअप बंद करा, मात्र फाइल परत आपल्या फोल्डरमध्ये आल्यात हे पाहिल्याशिवाय ऑनलाइन काही डिलीट करू नका.

मराठीत काम करणाऱ्यांनी एक गोष्ट आवर्जून पाहावी. कोऱ्या इन्स्टॉलनंतर मंगल, कोकिळा, उत्साह, अपराजिता हे फॉन्ट मशीनवर नसण्याची शक्यता असते. फाइल उघडते, अक्षरंही दिसतात, पण निर्मला यूआयमध्ये. त्यामुळे ओळी सरकतात, चार पानांचा अर्ज पाच पानांचा होतो, तक्त्यातले शब्द तुटतात. फाइल बिघडलेली नसते. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, ऑप्शनल फीचर्स, तिथे देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स शोधून टाका, मांडणी जागेवर येते. मराठी फोनेटिक कीबोर्ड 10 सारखाच इथेही आहे, विंडोज आणि स्पेस दाबून बदलतो.

डीटीपीवाल्यांनी आणि सीए-वकिलांच्या ऑफिसांनी मात्र सबुरीने घ्यावं. 11 फक्त 64 बिट आहे. तुमचं 10 जर 32 बिट असेल तर त्यावरूनच अपग्रेड होत नाही, कोरंच टाकावं लागतं, आणि 16 बिट इन्स्टॉलर असलेलं जुनं सॉफ्टवेअर तिथे चढतच नाही. यूएसबी लॉकवर चालणारं फॉन्टचं जुनं पॅकेज आणि डिजिटल सहीचं टोकन यांचे नवे ड्रायव्हर आधी डाउनलोड करून ठेवा. जुना ड्रायव्हर लोड होत नसेल तर कारण बहुधा विंडोज सिक्युरिटीत कोअर आयसोलेशनमधलं मेमरी इंटिग्रिटी असतं. ते बंद करून काम भागतं, पण ती सुरक्षेची भिंत आहे. आधी नवा ड्रायव्हर मिळतो का ते बघा. रिटर्न भरायच्या शेवटच्या आठवड्यात तर अपग्रेडला हात लावूच नका.

न बसणाऱ्या मशीनवर रजिस्ट्रीतली (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीतली) नोंद बदलून किंवा रुफस या मोफत ॲपने बनवलेल्या पेनड्राइव्हने 11 चढतं, हे खरं. चालतंही. पण वर्षाची मोठी आवृत्ती अशा मशीनला आपोआप येईल याचा भरवसा नाही, ती दरवेळी हाताने टाकावी लागते, आणि विसरलात की पुन्हा अपडेटविना. कोअर टू ड्युओसारख्या मशीनवर तर 24एच2 बूटच होत नाही, कारण त्या आवृत्तीला लागणारी पॉपकाउंट ही आज्ञा (इन्स्ट्रक्शन) त्या प्रोसेसरला येत नाही. तिथे विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकणं जास्त प्रामाणिक ठरेल. ब्राउझर, यूट्यूब, पत्रव्यवहार व्यवस्थित होतो, टॅली आणि सहीचं टोकन मात्र अडेल.

सगळं जुळत असेल तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून आयएसओ (इन्स्टॉलची पूर्ण फाइल) उतरवा, डबल क्लिक करून सेटअप चालवा आणि ‘फाइल आणि ॲप ठेवा’ हाच पर्याय निवडलेला आहे ना ते बघून पुढे जा. सी ड्राइव्हवर 30 जीबी मोकळी ठेवा, लॅपटॉप चार्जरवर ठेवा, प्रिंटर आणि बाहेरच्या डिस्क काढा. झाल्यावर 10 दिवसांच्या आत सेटिंग्जमधल्या रिकव्हरीतून परत 10 वर जाता येतं. त्याच 10 दिवसांत प्रिंटर, स्कॅनर, टोकन, टॅलीचा बॅकअप, सगळं एकेकदा चालवून पाहा. तोपर्यंत डिस्क क्लीनअपमधल्या ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’वर खूण करू नका. ते पुसलं की परतीचं दार बंद होतं.