क्लिनिकच्या मेसेजचा ८ महिन्यांचा अनुभव (मोठं झालंय, सॉरी)

मी २२ ची, राहते भांडुपला, जॉब लोअर परळला आणि डिप्रेशनसाठी दादरच्या एका क्लिनिकमध्ये जाते, नाव नाही लिहिणार कारण थोडं वाईट पण लिहायचंय.

पहिले २ महिने बकवास. नंबरऐवजी सहा अक्षरी नावावरून एसएमएस यायचा, ओटीपी आणि लोनवाल्यांच्या गर्दीत दिसायचा पण नाही, आणि असल्या नावाला रिप्लाय जातच नाही. त्यात मराठी. इंग्रजी लिपीत एका एसएमएसला १६० अक्षरं बसतात, देवनागरीत ७०, काना-मात्रा वेगळे मोजून, मग काटून काटून "दि. १४ सायं. ५ अपॉ. उशीर नको" असलं काहीतरी यायचं, विम्याचा हप्ता थकल्यासारखं. मी २ अपॉइंटमेंट बुडवल्या, कोणी विचारलं पण नाही. आणि नेमके तेच दिवस कठीण असतात हो, गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, मळमळ मात्र मला पहिल्याच दिवशी सुरू झाली, माणूस सोडतो तो तेव्हाच.

मग नवीन काउन्सेलर मॅडम आल्या, त्यांनी मेसेज पाठवायला साधा मोबाईल नंबर घेतला. एकदा मी दादरला उतरले, ब्रिजपर्यंत गेले आणि तिथूनच परतीची स्लो लोकल पकडली. संध्याकाळी मेसेज, "आज वाट बघितली. ओरडणार नाही. शुक्रवारी ६ जमेल?" मी लिहिलं "नाही". "बरं, मग रविवारी विचारते." आणि रविवारी ११ ला खरंच विचारलं! त्या एका रविवारवर मी अजून टिकून आहे असं समजा. मॅडम म्हणाल्या यात नवीन काही नाही, सॅन फ्रान्सिस्कोला जेरोम मोटो म्हणून डॉक्टर होते, त्यांनी मोबाईल यायच्या कितीतरी आधी हॉस्पिटलातून घरी गेलेल्या आणि पुढचे उपचार नको म्हणणाऱ्यांना छोटी छोटी पत्रं पाठवली, उत्तर द्यायची सक्ती नाही, आणि ज्यांना पत्रं गेली त्यांच्यात पहिल्या २ वर्षांत आत्महत्या कमी झाल्या.

आता तक्रारी. एकदा रात्री २ ला फार वाईट वाटत होतं म्हणून मेसेज टाकला तर ऑटोमॅटिक उत्तर, "वेळ सोम ते शनि १० ते ७". बास. दुसरा कुठलाच नंबर नाही. मी भांडले त्यावर, आता त्याच मेसेजमध्ये टेलिमानसचा १४४१६ असतो (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट, २४ तास, २०२२ पासून चालू, मराठीत बोलतात). दुसरं म्हणजे रिचार्ज संपला की आपला एसएमएस जात नाही, ३ दिवस मी गप्प, मॅडमना काळजी, शेवटी फोन आला.

आणि प्रायव्हसी, बापरे. आमच्या घरात फोन फ्रिजवर चार्जिंगला, सगळ्यांचे एकत्रच. "मानसोपचार" हा शब्द स्क्रीनवर आला आणि भावाने मोठ्याने वाचला. विषय कसाबसा टाळला, मग मॅडमना सांगितलं की काहीही लिहा पण हे नको, तेव्हापासून मेसेजमध्ये "क्लास" येतं. "शनिवारी ४ ला क्लास, येतेस ना?"

आई परवा विचारत होती, एवढे महिने क्लास चाललाय, परीक्षा कधी आहे तुझी.