निळीसाठी कुठलं रोप लावायचं? आधी पानातलं इंडिकान बघा, मग ठरवा

निळीचं रोप निवडताना बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात, रंग जास्त कशातून निघतो. प्रश्न बरोबरच आहे पण अर्धा आहे, कारण पानात निळा रंग नसतोच मुळी. पानात असतं इंडिकान, बिनरंगाचं, पाण्यात सहज विरघळणारं, म्हणजे इंडॉक्सिल नावाच्या रेणूला ग्लुकोज चिकटलेलं असतं. पेशीत हे एका कप्प्यात आणि त्याला तोडणारं एन्झाइम दुसऱ्या कप्प्यात, त्यामुळे पान धड असेपर्यंत काहीच होत नाही. पान चुरगळलं, कुजलं, सुकलं की दोघांची गाठ पडते, ग्लुकोज सुटतं आणि मोकळं झालेलं इंडॉक्सिल हवेतला ऑक्सिजन लागून दोन-दोन जोडलं जातं, तो झाला इंडिगो. आणि इंडिगो पाण्यात विरघळत नाही! म्हणजे पाण्यात उतरायच्या आधीच पानातल्या पानात निळं झालं तर ते साध्या भिजवण्याने बाहेर येणार नाही. हिशोबाने १०० ग्रॅम इंडिकानमधून जास्तीत जास्त ४४ ग्रॅमच्या आसपास इंडिगो मिळू शकतो, प्रत्यक्षात त्याहून कमी, आणि पान तोडल्यापासून पाण्यात बुडेपर्यंत जितका वेळ जातो तितका तोटा वाढतो. म्हणून मला विचाराल तर रोप निवडताना सगळ्यात आधी बघायचं की तुमच्या हवेत ते किती जोमाने वाढेल आणि कापल्या कापल्या तुम्ही ते भिजत घालू शकाल का.

नीळ, म्हणजे इंडिगोफेरा टिंक्टोरिया. ऊन भरपूर असेल आणि पूड किंवा वड्या साठवून ठेवायच्या असतील तर माझ्या मते दुसरीकडे बघायची गरज नाही. शेंगवर्गातलं झुडूप आहे, मुळांवरच्या गाठींमुळे नत्र जमिनीत जातं, छाटलं की पुन्हा फुटतं. बियांचं कवच मात्र कडक, जरा घासून किंवा गरम पाण्यात भिजवून पेरायचं. पानं बारीक असतात, ती ओरबाडत बसू नका, डहाळ्याच्या डहाळ्या वरून वजन ठेवून बुडवायच्या. उबदार हवेत १० ते १६ तास लागतात, थंडी असेल तर जास्त, पाणी हिरवट-पिवळं चमकायला लागलं की पानं काढायची, चुना घालायचा आणि घुसळायचं. फेस निळा होतो आणि मग हळूहळू बसायला लागतो, तिथे थांबायचं, साका खाली बसू द्यायचा. खूप वेळ भिजत राहिलं तर पानं सडतात आणि रंग मळकट येतो, ही चूक फार होते. गोठवणारी थंडी पडत असेल तर या झुडपाचा नाद सोडा.

थंड प्रदेशात उन्हाळ्याचे चारेक महिने मिळत असतील तर जपानी नीळ, पर्सिकारिया टिंक्टोरिया. हिच्यातही इंडिकानच असतं. पान रुंद, मऊ, हाताळायला सोपं, फांदी नुसती पाण्यात ठेवली तरी मुळं फुटतात, पण पाणी भरपूर लागतं आणि बी जुनं झालं की उगवण घसरते. हिची खरी मजा म्हणजे ताज्या पानाने थेट रंगवणं. पानं बर्फगार पाण्यात मिक्सरला फिरवायची, गाळायची आणि लगेच त्यात रेशीम बुडवायचं, इंडॉक्सिल धाग्यात शिरतं आणि हवेत आल्यावर तिथेच निळं होतं, व्हॅट (निळीची पूड विरघळवून घेतलेलं रंगाचं भांडं) नको, चुना नको. रेशमावर असा सुंदर फिरोजी येतो की बघत राहावं. सुती कापडावर मात्र फिकट बसतो, गडद सुती हवं असेल तर व्हॅटला पर्याय नाही. जपानमध्ये तोकुशिमाला हीच पानं सुकवून, पाणी मारून, पुन्हा पुन्हा परतून साधारण १०० दिवस कुजवतात, त्याला सुकुमो म्हणतात, पण त्यात इंडिकान राहत नाही, तयार इंडिगो असतो.

वोड या निळीच्या आणखी एका रोपाबद्दल मी फारसा उत्साही नाही. मोहरीच्या कुळातलं आहे, थंडी चांगली सोसतं हा मोठा गुण, पण रंग कमी निघतो आणि तोही मुख्यतः पहिल्या वर्षीच्या पानांतून, दुसऱ्या वर्षी पिवळा फुलोरा आला की संपलं. शिवाय यात इंडिकान थोडंच, मुख्य पूर्वद्रव्य, म्हणजे ज्यापासून इंडिगो बनतो ते, आयसॅटन, ते अल्कलीत पटकन तुटतं, म्हणून पानं गरम पाण्यात थोडाच वेळ ठेवून लगेच गार करतात आणि मग अल्कली घालून घुसळतात. निळीची रीत याला जशीच्या तशी लावली तर निराशा होईल. अमेरिकेच्या पश्चिम भागात ते उपद्रवी तण ठरलंय, तेव्हा लावण्याआधी आपल्याकडचे नियम बघाच. सावली आणि दमट हवा असेल तर स्ट्रोबिलॅन्थस कुसिया आहे, आसामकडची नीळ, तिच्यातही इंडिकान, फांद्यांवरून लावता येते.

आता शेती करायचीच नसेल तर? तयार नैसर्गिक पूड घ्या, फक्त ती इंडिकान नाही हे लक्षात ठेवा, ती पाण्यात टाकून काही होणार नाही, व्हॅटमध्ये अल्कली आणि फ्रुक्टोजसारखं काहीतरी घालून तिचं पाण्यात विरघळणारं पिवळसर रूप करावं लागतं. बीएएसएफ या जर्मन कंपनीने १८९७ पासून बाजारात आणलेल्या कृत्रिम निळीचा मुख्य रेणू तोच आहे, आणि ठाणच्या ठाण एकाच छटेत हवं असेल तर तीच सोपी. झाडाच्या निळीत इंडिरुबिन या लालसर रंगद्रव्यासारखे सोबती असतात, शुद्धता दर खेपेला बदलते, मला तेच आवडतं पण ऑर्डर पुरी करायची असेल त्याला ते परवडत नाही.

शुद्ध इंडिकानच विकत घेऊन रंगवायचं डोक्यात असेल तर सध्या तो प्रयोगशाळेचा विषय आहे. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये जिवाणूंकडून इंडिकान बनवून कापडावर एन्झाइमने रंग उतरवून दाखवला, २०२४ मध्ये डेन्मार्कच्या गटाने एन्झाइमऐवजी प्रकाशानेही ते जमवलं. निळीला विरघळवणाऱ्या घातक रिड्यूसिंग केमिकलशिवाय डेनिम रंगवता आलं तर केवढी मोठी गोष्ट होईल! केमिकलच्या यादीत शोधताना एक काळजी घ्या, लघवीत सापडणाऱ्या इंडॉक्सिल सल्फेटलाही इंडिकान म्हणतात, ते वेगळं, तुम्हाला ग्लुकोज चिकटलेलं, म्हणजे ग्लुकोसाइड हवंय.

रोप लावून झालं की मोठी कापणी करण्याआधी एक पान चिमटीत चुरडून तसंच सुकू द्या, चुरडलेल्या जागी निळं उमटलं तर पानात माल आहे. मग फुलोरा यायच्या आत, भांडं पाण्याने भरून तयार ठेवूनच कात्री लावा.