सर्व्हरवरची एसएसडी: महिनोन्‌महिने वापरल्यावर लिहिण्याचा वेग किती उरतो

एसएसडीच्या खोक्यावर छापलेला वेग कोऱ्या ड्राइव्हचा असतो. पोस्टग्रेस या डेटाबेसचा सर्व्हर रात्रंदिवस लिहीत राहिला की काही महिन्यांनी उरतो तो वेग वेगळाच, आणि विकत घेताना विचार करायचा तो त्याचाच. हा अनुभव दोन एनव्हीएमई (मदरबोर्डच्या वेगवान पीसीआयई मार्गाने जोडलेल्या) ड्राइव्हचा आहे: डेस्कटॉपसाठी बनवलेली १ टीबीची टीएलसी (फ्लॅश मेमरीच्या एकेका सेलमध्ये तीन बिट ठेवणारी) आणि सर्व्हरसाठी बनवलेली १.९२ टीबीची.

सर्वांत मोठा फरक एफसिंकमध्ये, म्हणजे डेटा कायमचा लिहून घेण्याच्या आदेशात आहे, आणि तो पहिल्याच दिवशी दिसतो. प्रत्येक कमिटला (व्यवहार पक्का करताना) डेटाबेस ड्राइव्हकडून ‘कायमचं लिहून झालं’ अशी खात्री मागतो. डेस्कटॉप ड्राइव्हला त्यासाठी डेटा खरोखर फ्लॅशमध्ये उतरवावा लागतो, त्यामुळे एकेका कमिटला मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त वेळ जातो. सर्व्हर ड्राइव्हवर कपॅसिटर असतात. वीज गेली तरी डीरॅममधला (ड्राइव्हच्या तात्पुरत्या मेमरीतला) डेटा फ्लॅशमध्ये उतरवण्यापुरती ऊर्जा त्यांच्यात असते, म्हणून डेटा डीरॅममध्ये पोचताच ड्राइव्ह होकार देते आणि काम शंभरापेक्षा कमी मायक्रोसेकंदांत उरकतं. तपासायचं असेल तर फिओ हे डिस्कचा वेग मोजणारं साधन घ्या: ४ केबी ब्लॉक, क्यू डेप्थ १ (एका वेळी एकच राइट), प्रत्येक राइटनंतर एफडेटासिंक (एफसिंकचाच हलका प्रकार). कपॅसिटर नसलेल्या ड्राइव्हवर सहसा सेकंदाला काहीशे ते एक-दोन हजार राइट्स मिळतात. वेगासाठी पोस्टग्रेसचं एफसिंक बंद करण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. वीज गेली की डेटाबेस दुरुस्तीपलीकडे बिघडू शकतो.

दुसरी फसगत एसएलसी कॅशेची. डेस्कटॉप ड्राइव्ह रिकाम्या सेलमध्ये आधी एकच बिट लिहून वेग दाखवते. कॅशे भरली की वेग एकदम कोसळतो. क्यूएलसीमध्ये (एका सेलमध्ये चार बिट) तर हार्ड डिस्क बरी वाटावी इतका. ड्राइव्ह जितकी भरलेली तितकी ही कॅशे लहान, त्यामुळे पाच मिनिटांच्या चाचणीला काही अर्थ नाही.

खरी चाचणी अशी. ड्राइव्ह पूर्ण मिटवा, तिच्या क्षमतेच्या दुप्पट डेटा सलग लिहा, मग ४ केबीचे रँडम राइट्स वेग स्थिर होईपर्यंत चालू ठेवा. यात ड्राइव्हवरचं सगळं जातं, म्हणून डिव्हाइसचं नाव दोनदा वाचा. सरासरीपेक्षा ९९ आणि ९९.९ पर्सेंटाइलची लेटन्सी (सर्वांत संथ १ आणि ०.१ टक्का राइट्सना लागणारा वेळ) बघा, कारण अ‍ॅप्लिकेशन अडकतात ते तिथे. फ्लॅशमध्ये लिहिणं पेजागणिक (छोट्या तुकड्यांत) होतं, पण पुसायचं तर अनेक एमबीचा अख्खा ब्लॉक. जागा मोकळी करायला कंट्रोलर (ड्राइव्हमधली नियंत्रक चिप) जिवंत पेजेस दुसरीकडे हलवत राहतो आणि आपले राइट्स मागे थांबतात. या जादा लिहिण्यालाच राइट अँप्लिफिकेशन म्हणतात.

उपाय सोपा आहे: मोकळी जागा. कोऱ्या किंवा पूर्ण डिस्कार्ड केलेल्या (सगळी जागा मोकळी आहे असं कळवलेल्या) ड्राइव्हवर २० टक्के भाग पार्टिशनविना सोडा. कंपन्याही हेच करतात: १.६ टीबी आणि १.९२ टीबीच्या ड्राइव्हमध्ये फ्लॅश बहुधा तेवढीच असते. ५ वर्षांच्या वॉरंटीत १.९२ टीबीला रोज १ वेळा पूर्ण क्षमतेइतकं लिहिणं या हिशेबाने सुमारे ३,५०० टीबी लिहिता येतात, १.६ टीबीला रोज ३ वेळा या हिशेबाने ८,७६० टीबी.

ट्रिम, म्हणजे कुठली जागा मोकळी झाली हे ड्राइव्हला कळवणं, आठवड्यातून एकदा टायमरवर पुरतं. माउंट करताना चालू करायचा सततचा डिस्कार्ड (फाइल पुसली की लगेच ट्रिम) काही ड्राइव्हवर लेटन्सी वाढवतो. ट्रिम खालपर्यंत पोचतं का, हे मात्र तपासाच. लक्स हे लिनक्सचं डिस्क एन्क्रिप्शन ते मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय अडवतं आणि बरेच हार्डवेअर रेड कंट्रोलर (अनेक ड्राइव्ह एकत्र चालवणारी कार्डं) ते पुढे पाठवतच नाहीत.

पोस्टग्रेसमध्येही बराच वाव आहे. प्रत्येक चेकपॉइंटनंतर (मेमरीतले बदल डेटा फाइल्समध्ये उतरवण्याच्या टप्प्यानंतर) डेटाबेसच्या एखाद्या पेजमध्ये पहिला बदल झाला की ते ८ केबीचं अख्खं पेज वॉलमध्ये (बदलांच्या नोंदवहीत) जातं. चेकपॉइंटची मूळ मुदत ५ मिनिटांची असते. ती १५ ते ३० मिनिटं केली आणि सोबत वॉलची १ जीबीची कमाल मर्यादा वाढवली तर राइट्स चांगलेच घटतात. बदल्यात क्रॅशनंतर सर्व्हर उठायला जास्त वेळ लागतो.

झीज मोजायला स्मार्टमधला (ड्राइव्ह स्वतःच ठेवत असलेल्या प्रकृतीच्या नोंदींतला) ‘डेटा युनिट्स रिटन’ हा आकडा दर महिन्याला टिपून ठेवा. एक युनिट म्हणजे ५,१२,००० बाइट्स. ‘पर्सेंटेज यूज्ड’ (अंदाजित आयुष्याचा वापरलेला भाग) १०० च्या पुढे गेलं म्हणून ड्राइव्ह लगेच बंद पडत नाही, पण ‘अव्हेलेबल स्पेअर’ (खराब ब्लॉकच्या जागी वापरायचा राखीव साठा) घसरू लागला की ती त्याच आठवड्यात बदला.