१८० रुपयाच्या रिलेसाठी (गाडीच्या फॅनचा छोटा स्विच) २८,२०० गेले, सोलापूरकरांनो सावध राहा

माझी २०१४ ची वॅगनआर. एप्रिलमध्ये, ४२-४३ डिग्रीच्या उन्हात, सात रस्त्याच्या सिग्नलला उभी राहिली की टेंपरेचर हाय दाखवायची, पुणे हायवेला मात्र एकदम नॉर्मल. गॅरेजवाला बोनेट उघडून म्हणाला, "मालक, हेड गॅसकेट उडालंय, चालवली तर इंजिनच जाईल." हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग, गॅसकेट म्हणजे त्याच्या खालचं सील. तो एक शब्द ऐकला आणि मी घाबरलो.

खरं तर स्वतः करायचं म्हणून मी २,३५० चा टूलकिट सुद्धा आणला होता, चार रात्री व्हिडिओ बघितले, पण हेड उतरवायचं, मशीनवर फेसिंग करायचं (खालची बाजू सपाट करायची), बोल्ट टॉर्कने आवळायचे हे घरी होत नाही हे कळलं आणि आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशनला पुण्याला न्यायचं होतं, म्हणून दिली गाडी. यात माझं काय चुकलं सांगा?

चुकलं ते पुढे. मेहुणा फोनवर म्हणाला होता, "दाजी, आधी एसी लावून रेडिएटरचा फॅन फिरतोय का बघा." मी बघितलं नाही. गॅसकेट गेलं की बऱ्याचदा ऑइलच्या झाकणाला दुधासारखा फेस येतो, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, कूलंट सारखं कमी होतं. माझ्या गाडीत यातलं काहीच नव्हतं!

बिल साध्या कागदावर. गॅसकेट ३,८००, फेसिंग ४,५००, कूलंट १,४००, ऑइल-फिल्टर ३,५००, मजुरी १५,०००. सगळे कॅश. जुनं गॅसकेट मागितलं तर "भंगारात गेलं". आणि मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं ओ, हेडवरच्या कव्हरच्या बोल्टांभोवती तेच वर्षानुवर्षाचं काळं तेलकट किटण, पान्याचा ओरखडासुद्धा नाही. ते बोल्ट न खोलता हेड निघतंच कसं? तिथे उभा होतो आणि पैसे मोजून दिले. हे आठवलं की अजून झोप लागत नाही.

तिसऱ्या दिवशी परत सिग्नलला गरम. रविवारी मेहुणा आला, हॉर्नचा रिले काढून फॅनच्या जागी लावला, फॅन घर्रकन सुरू, म्हणजे फॅनचा रिलेच गेला होता. नवीन रिले १८० रुपये.

पोलीस चौकीत गेलो तर "हा आमचा विषय नाही, ग्राहक मंचात जा". दुसऱ्या एका सरकारी ऑफिसात पक्कं बिल मागितलं, नाही म्हटल्यावर साहेबांनी मान पण वर केली नाही, पुढच्या टेबलावर जा, तिथला माणूस जेवायला गेलेला, दीड तास बसलो, आला तर म्हणे उद्या या. दोन दिवसाची रजा गेली. फसवलं त्याचं गॅरेज सुरू आणि चकरा मी मारायच्या?

गाडी खोलायची नसेल तर खोलू नका, पण फॅन, फ्यूज, रिले, कूलंट स्वतः बघाच. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका, भाजेल. जुना पार्ट हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि द्याल ते ऑनलाइन द्या. २०१९ च्या ग्राहक कायद्यात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंत फी नाही, हेल्पलाइन १९१५.

मी तक्रार लिहायला घेतलीये. अजून कुणाला असं साध्या कागदावर बिल मिळालं असेल तर तो फाडू नका, मला कळवा, मिळून जाऊ.